महात्मा फुले यांचा लकवा, त्यांचा डावा हात आणि मेंदूतला व्रण

गांधीबागेतल्या माझ्या दवाखान्यात लकव्याच्या रुग्णाचे नातेवाईक येतात तेव्हा बहुधा दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला खर्चाचा असतो. पुढचे उपचार फुले योजनेत बसतील का, असं ते विचारतात. दुसरा प्रश्न एमआरआयच्या रिपोर्टचा असतो. रिपोर्टच्या शेवटी कुठेतरी ‘ग्लायोसिस’ असा शब्द असतो. घरातल्या कोणीतरी तो मोबाईलवर शोधलेला असतो, ही मेंदूची गाठ आहे असं कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि दोन दिवस घरात कोणी नीट जेवलेलं नसतं.

पहिल्या प्रश्नात ज्यांचं नाव आहे, त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. महात्मा जोतीराव फुले यांना वयाच्या ६१ व्या वर्षी लकवा झाला होता. त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि लिहिता हात गेला. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने एक आख्खं पुस्तक लिहिलं. मेंदूला इजा झाल्यावर आत काय होतं, व्रण कसा तयार होतो आणि त्या व्रणासह माणूस पुढे कसा जगतो, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

जोतीरावांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर घरात फुलांचा व्यवसाय सुरू झाला, पेशव्यांकडे फुलं पुरवली जाऊ लागली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच गेल्या. वडील गोविंदराव आणि नात्यातल्या सगुणाबाई यांनी त्यांना वाढवलं. सगुणाबाई मिशनऱ्यांच्या घरी कामाला असत. शिक्षणाने माणसाचं काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचं, या विचाराने जोतीरावांची शाळा मध्येच सुटली. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, या वेळी स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत. त्याआधी १८४० मध्ये सावित्रीबाईंशी त्यांचं लग्न झालं होतं. तरुणपणी त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा आणि कसरतीचं शिक्षण घेतलं. शरीर कमावलेलं होतं. तब्येतीने धट्टाकट्टा माणूस, लकवा त्याला कसा काय, असं आपण म्हणतो तेव्हा हे आठवावं. तालमीत कमावलेलं शरीर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची पूर्ण हमी देत नाही.

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. समाजाचा रोष एवढा झाला की १८४९ मध्ये दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. तरीही शाळा वाढल्या. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या, १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. १८६३ मध्ये त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथे बाळंतपणासाठी आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद त्यांनी सर्वांसाठी खुला केला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केलं.

पोटासाठी ते ठेकेदारी करत. बांधकामं, दगडमातीची कामं त्यांनी घेतली. मिळालेला पैसा मोठ्या प्रमाणात चळवळीत गेला. शिल्लक फारशी राहिली नाही. पुढे आजारपणात ही गोष्ट जड गेली.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात मोठी सभा झाली. तिथे लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिनेही झाले असतील-नसतील, जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

जुलै १८८८: डाव्या मेंदूत इजा, उजवी बाजू लुळी

पक्षाघात, अर्धांगवायू आणि आपल्याकडे ज्याला लकवा म्हणतात तो, ही एकाच आजाराची नावं आहेत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद पडतो किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तारा खाली येताना बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडतो. जोतीरावांची उजवी बाजू गेली, म्हणजे इजा मेंदूत डावीकडे होती.

उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक माणसांत बोलण्याची आणि भाषेची केंद्रंही डाव्याच बाजूला असतात. म्हणून उजव्या बाजूच्या लकव्यात अनेकांची वाचा जाते किंवा शब्द सापडेनासे होतात. जोतीरावांनी यानंतर पुस्तक लिहिलं, त्या अर्थी त्यांची विचारांची आणि भाषेची ताकद कामापुरती शाबूत राहिली होती. इजा कुठे झाली यावर किती गोष्टी अवलंबून असतात, ते यावरून कळतं. दोन रुग्णांचा लकवा बाहेरून सारखा दिसला तरी आतून तो सारखा नसतो. शेजारच्या काकांशी आपल्या रुग्णाची तुलना करू नका, असं मी सांगतो ते यासाठीच.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले होते. घोले नावाजलेले शल्यचिकित्सक होते आणि सत्यशोधक समाजाचे बिनीचे कार्यकर्ते. पण १८८८ मध्ये कोणत्याही डॉक्टरच्या हातात काय होतं, ते पाहा. रक्तदाब मोजायचं दंडाला पट्टा बांधण्याचं यंत्र १८९६ मध्ये इटलीत तयार झालं. सीटी स्कॅनने रुग्णाचा मेंदू पहिल्यांदा पाहिला गेला तो १९७१ मध्ये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तर त्याच्याही बरंच नंतरचं. गुठळी आहे की रक्तस्राव, हेसुद्धा जिवंत माणसात खात्रीने सांगता येत नव्हतं. झटका आल्यावर डॉक्टर काळजी घेऊ शकत होते, सेवा सांगू शकत होते आणि वाट पाहू शकत होते. मेंदू स्वतः जेवढी दुरुस्ती करील, तेवढीच.

आणि मेंदू ती करतो. त्या दुरुस्तीच्या कामात आघाडीवर असते ती तारापेशी.

तारापेशी म्हणजे काय?

मेंदू म्हटलं की आपल्याला चेतापेशी आठवतात. विचार, हालचाल, आठवण यांचे संदेश त्याच वाहतात. पण मेंदूत त्यांच्याइतक्याच महत्त्वाच्या इतर पेशी आहेत. त्यांना मिळून ग्लिया म्हणतात. हे नाव जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५६ च्या सुमारास रूढ केलं. त्या शब्दाचा अर्थ डिंक किंवा चिकटवण असा होतो. चेतापेशींना जागेवर धरून ठेवणारा गोंद, एवढीच या पेशींची ओळख तेव्हा होती.

जोतीरावांना झटका आला त्याच १८८८ साली स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल हे डॉक्टर मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, हे त्यांनी त्या वर्षी मांडलं. पुढे १९१३ मध्ये त्यांनी सोन्याच्या क्षारांची रंगवण्याची पद्धत काढली आणि ग्लियातल्या एका जातीच्या पेशी स्पष्ट दिसल्या. मध्ये छोटं शरीर आणि चहूबाजूंनी फांद्या, अगदी चांदणीसारख्या. त्यांचं नाव अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारापेशी.

निरोगी मेंदूत तारापेशी दिवसरात्र घरकाम करतात. त्यांच्या फांद्यांची टोकं रक्तवाहिन्यांना लपेटलेली असतात. रक्तातली साखर घेऊन त्या चेतापेशींना इंधन पुरवतात. चेतापेशींच्या जोडांवर सांडलेली रसायनं त्या उचलतात. एकेका तारापेशीच्या फांद्या असे हजारो जोड सांभाळतात. घरातल्या बाईचं काम जसं ती अंथरुणाला खिळल्याशिवाय कोणाला दिसत नाही, तसंच या पेशींचं काम विज्ञानाला फार उशिरा दिसलं.

इजा झाल्यावर आत काय घडतं?

समजा, आपल्या गांधीबागेतल्या कापड बाजारात एका दुकानाला आग लागली. जळणारं दुकान वाचत नाही. पण आजूबाजूची दुकानं वाचवायला लोक धावतात, माल हलवतात, मधली जागा मोकळी करतात आणि शेवटी जळक्या जागेभोवती पत्रे ठोकतात. तारापेशी साधारण हेच करतात.

पहिल्या काही मिनिटांत ज्या भागाचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला, तिथल्या चेतापेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज आहे. मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं. ते जास्त झालं की शेजारच्या जिवंत पेशींनाही मारतं. तारापेशी ते शोषून घेण्याची धडपड करतात.

पुढच्या काही तासांत आणि दिवसांत इजेच्या कडेच्या तारापेशी बदलतात. त्या फुगतात, फांद्या जाड होतात, त्यांच्यात जीएफएपी नावाचं प्रथिन वाढतं. काहींची संख्या विभाजनाने वाढते. या अवस्थेला प्रतिक्रियाशील तारापेशी म्हणतात. हे प्रथिन रक्तात उतरतं, म्हणून डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत ते मोजण्याच्या चाचणीला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्यानंतर काही आठवड्यांत या पेशी आपल्या फांद्या एकमेकींत गुंफून इजेभोवती दाट कुंपण तयार करतात. यालाच ग्लायल स्कार, म्हणजे मेंदूतला व्रण म्हणतात. कुंपणाच्या आत सफाई करणाऱ्या पेशी मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. काही महिन्यांनी तिथे बहुधा पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पोकळी राहते. कुंपणाच्या बाहेर जिवंत मेंदू असतो. आतली आग, सूज आणि विषारी रसायनं बाहेर पसरू नयेत, हे त्या कुंपणाचं काम.

तुमच्या रिपोर्टमधला ग्लायोसिस तो हाच. ती जुन्या इजेची खूण आहे. ग्लायोसिस आणि ग्लायोमा हे शब्द कानाला सारखे लागतात, पण ग्लायोमा म्हणजे ग्लियापासून झालेली गाठ आणि ग्लायोसिस म्हणजे ग्लियाने भरलेला व्रण. नुसत्या ग्लायोसिसला कर्करोग म्हणत नाहीत आणि तो वाढून कर्करोग होईल अशी भीतीही नसते.

व्रण मित्र की शत्रू?

बराच काळ शास्त्रज्ञ या व्रणाला शत्रू समजत. त्याचं कारण होतं. व्रणाच्या भागात साखर जोडलेली काही प्रथिनं साठतात आणि चेतापेशींचे तुटलेले धागे तिथे वाढू शकत नाहीत. २००२ मध्ये मणक्याला इजा झालेल्या उंदरांत एका विकराने ही प्रथिनं विरघळवल्यावर हालचाल काहीशी सुधारल्याचं दिसलं. व्रण हटवला की रुग्ण चालू लागेल, अशी आशा वाढली.

पण उलट प्रयोगही झाले. २००४ मध्ये उंदरांमध्ये प्रतिक्रियाशील तारापेशीच काढून टाकल्या, तर इजा आटोक्यात राहिली नाही. सूज पसरली, जास्त चेतापेशी मेल्या आणि उंदीर जास्त अपंग झाले. २०१६ मध्ये आणखी एका प्रयोगात दिसलं की व्रण होऊ दिला नाही म्हणून तुटलेले धागे आपोआप वाढत नाहीत. काही परिस्थितीत तर त्यांना वाढायला तारापेशींचीच मदत होते.

आजची समजूत अशी आहे की व्रण सुरुवातीला जीव वाचवतो आणि नंतर काही प्रमाणात वाट अडवतो. म्हणून तो सरसकट विरघळवणं हा उपचार ठरत नाही. माणसात वापरायला मान्य असं, व्रण घालवणारं औषध आज बाजारात नाही. मेंदूचा डाग साफ करतो अशा जाहिरातीचं टॉनिक, कोणाचं तेल, कबुतराचं रक्त यांवर पैसे घालवू नका. लकव्यासाठी मूलपेशींचे उपचारही अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. त्यासाठी कोणी लाखो रुपये मागत असेल, तर आधी आपल्या न्यूरोलॉजिस्टना विचारा.

डावा हात

जोतीरावांच्या मेंदूतही जुलै १८८८ नंतरच्या आठवड्यांत असंच कुंपण उभं राहिलं असणार. इजा झालेल्या प्रत्येक मेंदूत ते उभं राहतं. व्रण कायम राहतो आणि आतल्या मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. मग जोतीराव परत कसे लिहू लागले?

आपला सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू एखाद्या दिवशी बंद पडला तर इतवारी आणि महालच्या गल्ल्यांतून वाहतूक सुरू होते. आधी गोंधळ होतो, वेळ लागतो, मग लोकांना वाटा पाठ होतात. मेंदूचं तसंच आहे. इजेच्या बाहेरच्या जिवंत चेतापेशी नवे जोड तयार करतात, अर्धवट झोपलेले जुने मार्ग जागे होतात. या नव्या जोडांच्या बांधणीत इजेपासून दूरच्या तारापेशीही मदत करतात. पण गल्ल्यांतून गाड्या गेल्याशिवाय वाट रुळत नाही. मेंदूत ही रुळवणी सरावाने होते. सराव नाही तर मार्गही नाही.

जोतीरावांचा उजवा हात लेखणी धरण्याच्या कामाचा राहिला नाही. डाव्या हाताचा कारभार बघणारा उजवा मेंदू शाबूत होता. साठी ओलांडलेल्या माणसाने त्या हाताला अक्षरं वळवायला शिकवलं. ज्याने आयुष्यभर इतरांना मुळाक्षरं शिकवली, त्याला पुन्हा मुळाक्षरं गिरवावी लागली. अशा हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा प्रश्नोत्तरांच्या रूपातला ग्रंथ लिहिला. १८८९ मध्ये तो लिहून झाला. झटक्यानंतर वर्षभराच्या आतबाहेरची ही गोष्ट.

इथे डॉक्टर म्हणून एक फरक सांगायला हवा. डाव्या हाताने लिहिणं ही उजव्या हाताची दुरुस्ती नव्हे. ती पर्यायी व्यवस्था आहे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण एकीच्या नादात दुसरी सोडायची नाही. चांगल्या हाताने सगळं भागतंय म्हणून लुळा हात मांडीवर ठेवून दिला, तर मेंदू त्या हाताला हळूहळू विसरतो. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी हालचाल परत आली आहे, अशा रुग्णांचा चांगला हात दिवसातले बरेच तास बांधून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घेण्याची थेरपी आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी ही थेरपी सुरू केलेल्या रुग्णांनाही फायदा झाला. ती प्रत्येकासाठी नाही, फिजिओथेरपिस्टनी तपासूनच ठरवावी. पण वाटी धरणं, टॉवेल पिळणं, भाजी निवडणं, दाराची कडी लावणं ही कामं लुळ्या हाताला रोज द्यावीत.

सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होते. नंतर वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही.

घर, माणसं आणि पैसा

पुस्तकाचं श्रेय जोतीरावांच्या जिद्दीला आहेच. पण एकटी जिद्द पुरत नाही. घरात सावित्रीबाई होत्या. लग्नाला त्या वेळी ४८ वर्षं होत आली होती. यशवंत शिकत होता आणि पुढे तो डॉक्टर झाला. आजारपणातच, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, सत्यशोधक पद्धतीने यशवंतचं लग्न लागलं. घरातलं आयुष्य थांबलं नाही. माझ्या रुग्णांच्या घरी मी हेच पाहतो. जिथे आजारी माणसाला लग्नकार्यात, हिशेबात, रोजच्या सल्ल्यात धरतात, तिथे तो लवकर उभा राहतो. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. त्याला आळस किंवा हट्ट समजू नका. त्यावर उपचार आहेत.

पैशाची ओढाताण मात्र झाली. कमाई थांबली होती आणि साठवण नव्हती. त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. ज्यांनी आयुष्यभर दिलं, त्यांच्यासाठी आजारपणात दुसऱ्यांना मागावं लागलं. आज महाराष्ट्रात इस्पितळाच्या खर्चाची जी सरकारी योजना आहे, तिला त्यांचं नाव आहे. योजनेचा कागद हातात घेताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

पुढे प्रकृती पुन्हा ढासळली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव गेले. झटक्यानंतर ते दोन वर्षं आणि चार महिने जगले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ १८९१ मध्ये यशवंतने छापून आणलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. तोच आजार त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

तुमच्या रुग्णासाठी

जोतीरावांकडे नव्हतं ते आज आपल्याकडे आहे. ते वापरा.

* वेळ. चेहरा एकीकडे वाकडा होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर घड्याळात वेळ पाहा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही निवडक रुग्णांत गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो. सकाळपर्यंत वाट पाहू नका, मालीश करत बसू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका.

* दुसरा झटका टाळणं. व्रण तयार झाला म्हणजे धोका संपला, असं नाही. बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवा. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. गुठळीचा लकवा असेल तर रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर सांगतात. रक्तस्रावाचा असेल तर गोष्ट वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. खर्रा, तंबाखू, बिडी, सिगारेट बंद. याला पर्याय नाही.

* फिट. मेंदूतल्या व्रणाजवळून काहींना पुढे आकडी येऊ शकते. हात किंवा चेहरा अचानक झटके देऊ लागला, शुद्ध हरपली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. फिटची गोळी सुरू असेल तर स्वतःच्या मनाने थांबवू नका.

* सराव. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम रोज करा. एकदा तासभर करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे करणं बऱ्याच रुग्णांना झेपतं. वाचा गेली असेल तर स्पीच थेरपी लवकर सुरू करा.

* रिपोर्ट. जुन्या इजेच्या जागी ग्लायोसिस लिहिला असेल तर तो अपेक्षितच आहे. पण लकवा किंवा डोक्याला मार यांचा काहीच इतिहास नसताना तो दिसला, तर कारण शोधायला हवं. बीपी, शुगर, जुना संसर्ग अशी बरीच कारणं असतात. रिपोर्ट मोबाईलवर शोधण्याआधी तो रुग्णासह डॉक्टरांना दाखवा.

* खर्च. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन दाखल होतानाच त्याला भेटा.

दवाखान्यात कोणी रिपोर्ट पुढे करून विचारतं की हा डाग कधी जाईल, तेव्हा मी खरं ते सांगतो. डाग राहील. तारापेशींनी बांधलेलं ते कुंपण आहे आणि ते बाहेरच्या मेंदूला सांभाळतं. आपल्याला काम करायचं आहे ते कुंपणाबाहेरच्या मेंदूशी. मग मी रुग्णाच्या हातात पेन देतो, ज्या हातात धरता येईल त्या हातात, आणि स्वतःचं नाव लिहायला सांगतो. पहिल्या दिवशी रेघा वाकड्या येतात. तो कागद मी नातेवाइकांना जपून ठेवायला सांगतो, तीन महिन्यांनी शेजारी दुसरा कागद ठेवून बघण्यासाठी.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. आपल्या रुग्णाच्या उपचारांबाबत निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*